पिवळ्या झाकणाचा आठवडा

टॅलाबंग
शनिवार, १ मार्च

लॉकलनला, बापाकडून.

हे पत्र आहे, फोन नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. फोनची वायर मी काल भिंतीतून उपटून गुंडाळून ठेवली आहे. यापुढे माझ्याकडून तुला जे कळेल ते कागदावर. कागदाला गिटार लावता येत नाही. तुम्ही लोक तेही कराल म्हणा, पण निदान माझा आवाज त्यात नसेल.

काल शुक्रवार, म्हणजे बोलिंग क्लबात मटणाची सोडत, तिकिटाचा नंबर लागला तर मटण किंवा हॅम घरी. मी नेहमीच्या खुर्चीत पंख्याखाली बसलो होतो. ग्लेनिस ऑजर्स, आमची सेक्रेटरी, माइकवर नंबर पुकारत होती आणि बारमागे रेडिओ चालू होता. रेडिओवाला म्हणाला, बोअरवॉटरचा, म्हणजे तुमच्या बँडचा, नवा अल्बम आला आहे, सहा वर्षांनी. मी कान टवकारले. पोराची बातमी रेडिओवरून कळायची मला सवय आहे. आधी ढोल वाजले, मग तुझी ती करवतीसारखी गिटार, मग एक म्हातारा खोकला. मी मनात म्हटलं, ह्या माणसाने छाती डॉक्टरला दाखवायला हवी. आणि तो म्हातारा म्हणाला, "लॉकलन, मी बोलतोय, तुझा बाप. मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी दिसली होती. बघितलीस का?"

माझ्या काट्याला सॉसेज होतं. ते तसंच राहिलं.

नेव्ह पास्को शेजारी बसला होता. तो म्हणाला, "क्लॅरी, तू रेडिओवर आहेस."

"मी इथे आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय रे. पण तिथेही आहेस."

ग्लेनिसने माइक खाली केला. अख्खा क्लब माझ्याकडे वळून बघत होता, आणि मी टायरच्या नटांबद्दल अख्ख्या देशाला सांगत होतो की एकदम घट्ट करू नकोस, समोरासमोरचे करत जा. मी उठलो आणि घरी आलो. टोपी तिथेच राहिली.

आज सकाळी नेव्हने कुंपणावरून त्याच्या मोबाइलमधली यादी वाचून दाखवली. अकरा गाणी. अकराच्या अकरा माझे निरोप, तुझ्या फोनवर टूँ वाजल्यानंतर मी ठेवलेले. 'डावा टायर'. 'पिवळं झाकण'. 'गॅस बंद केलास का'. 'जर्मनीत साप असतात का'. अल्बमचं नाव 'मी बोलतोय, तुझा बाप'. वर चित्र आपल्या स्वयंपाकघरातल्या फोनचं आणि त्या फाटक्या स्टुलाचं. ते तू कधी काढलंस? आईच्या अंत्यविधीच्या दिवशीच काढलं असशील, कारण त्यानंतर तू आला नाहीस. मला वाटलं होतं, तू चहा करायला आत गेलास.

मी शाळा आठवीत सोडली. मला संगीतातलं काही कळत नाही. पण बोअरचं पाणी म्हणजे खारट, गंजाचं पाणी, जे आम्ही फक्त गवताला घालतो, असलं नाव लावून तुम्ही जगभर फिरलात तेव्हाही मी काही म्हटलं नाही. आता म्हणतो. एका म्हाताऱ्याचं टायरबद्दलचं बोलणं लोक पैसे देऊन का ऐकतील? तुमची गाणी संपली का? संपली असतील तर तसं सांगायचं होतं. गव्हाच्या गोदामावर अजून माणसं घेतात.

आणि खरं सांगू का, मला वाटायचं तू ते निरोप पुसून टाकतोस. तू ऐकत असशील असं मला कधी वाटलंच नाही. माहीत असतं तर नीट बोललो असतो.

उत्तर द्यायची गरज नाही.

तुझा बाप,
क्लॅरेन्स ट्रेगेन्झा

ता. क. तो टायर बघितलास का, हे अजून कळलेलं नाही.


टॅलाबंग
गुरुवार, १३ मार्च

लॉकलन,

माझं पत्र तुमच्या मेलबर्नच्या ऑफिसने तुला पाठवलं असेल अशी आशा आहे. तू कुठल्या देशात आहेस ते मला माहीत आहे, पण हॉटेल माहीत नाही.

गावाची अवस्था ऐक. आपल्या जेट्टी रोडवर कचऱ्याचा कोणता डबा काढायचा हे लोक माझ्यावरून ठरवतात, हे तुला आठवत असेल. एक आठवडा लाल झाकण, घरच्या कचऱ्याचं, एक आठवडा पिवळं, कागद-बाटल्यांचं. नगरपालिका तक्ता छापते, पण तो कोणी बघत नाही. मंगळवारी दुपारी मी माझा डबा कडेला लावला की लोक पडद्याआडून बघतात आणि आपापला काढतात. क्लॅरीचा लाल तर आपला लाल. एवढ्या वर्षांत मी एकदाही चुकलेलो नाही.

हा आठवडा लालचा होता. मी लालच लावला. पण रेडिओ सकाळपासून तुझं ते दुसरं गाणं लावत होता, ज्यात मी ओरडून सांगतोय, "ह्या आठवड्याला पिवळं, लॉकलन, पिवळं झाकण." तो निरोप कधीचा, देव जाणे. तू तेव्हा बर्लिनला होतास. बर्लिनमधल्या माणसाला मी टॅलाबंगचा डबा का सांगत होतो असं मला आता सगळे विचारतात. तू इथे असताना डबा काढायचं काम तुझं होतं, म्हणून सांगत होतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे.

तर लोकांपुढे प्रश्न पडला की क्लॅरीच्या डब्याचं ऐकायचं की क्लॅरीच्या आवाजाचं. त्यांनी आवाजाचं ऐकलं. अख्ख्या गावाने पिवळे डबे काढले. लाल डब्यांची गाडी आली, पिवळी रांग बघून पुढे निघून गेली. सोमवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी होती, घरोघरी कोळंबी झाली होती. सगळी डोकी आणि सालं लाल डब्यात, आणि आता ती पुढच्या लालपर्यंत, आणखी दोन आठवडे, तिथेच राहणार. उत्तरेचा गरम वारा सुटलाय, पारा चाळिसाला टेकलाय. गाडीवाल्याने फक्त माझा एकट्याचा डबा उचलला आणि खिडकीतून म्हणाला, "म्हाताऱ्या, गाणं जरा कमी कर."

काल दोन पोरी ॲडलेडहून गाडी चालवत आल्या आणि माझ्या डब्याला मिठी मारून फोटो काढून गेल्या. मी त्यांना सांगितलं, तो धुतलेला नाही. त्यांनी तेसुद्धा टिपून घेतलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण लोकांबद्दल मी तुला जे जे बोललो, तेही त्यात आहे. चौथं गाणं नेव्हवर आहे. "नेव्ह पास्को स्वतःचा पाला फुंकणीच्या मशीनने माझ्या हद्दीत ढकलतो आणि वर म्हणतो वारा आला." ते रेडिओवर लागलं त्या दिवसापासून नेव्ह कुंपणाशी येत नाही. त्याच्याकडचे टोमॅटो यायचे बंद झाले. काल त्याने आपला पाला हाताने उचलला, एकेक पान, मी बघतोय हे बघून.

आणि सातवं. ते तर माझ्या गळ्याला दोरच आहे. सातव्यात मी म्हणतो, "आज हॅम पुन्हा मर्व्हला. ग्लेनिसचा मेहुणा. सोडतीच्या पेटीत हात घालून ती बाई काय चाचपते ते तिलाच ठाऊक." त्यावर तुम्ही तुतारी वाजवली आहे म्हणे. ग्लेनिसने मला क्लबाच्या दारात गाठलं.

"क्लॅरी," ती म्हणाली, "मी चाचपते?"

"मी ते खाजगीत म्हटलं होतं," मी म्हटलं.

"फ्रान्समध्ये वाजतंय ते."

३१ तारखेला कमिटी बसणार आहे. मला काढून टाकायचं की नाही, एवढा एकच विषय आहे. रोलरच्या शेडची किल्ली तिने आत्ताच मागून घेतली. तुला माहीत नसेल, पण तुझी आई गेल्यापासून रोज सकाळी क्लबाच्या खेळायच्या हिरवळीवर रोलर मी फिरवतो. पगार नाही, मागितलाही नाही. किल्ली कायमची गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठे, ते मला सांग.

सातवं गाणं काढून टाका. बाकीची दहा राहू देत. ३१ च्या आत.

उत्तराची गरज नाही, गाणं तेवढं काढ.

बाप

ता. क. तिकडे थंडी असेल. गळ्याला काहीतरी गुंडाळून गा.


टॅलाबंग
रविवार, २३ मार्च

लॉकलन,

पार्सल मिळालं. मला वाटलं उत्तर असेल. निघाली तबकडी, आणि सोबत चिठ्ठी, "बाबा, पूर्ण ऐका. रेडिओवर अर्धंच लावतात. लॉकी." माझ्या दोन पत्रांना एवढंच.

पूर्ण ऐका म्हणजे कशावर ऐका? तुझ्या आईचं तबकडीचं यंत्र मी देऊन टाकलं, ते बघवत नव्हतं म्हणून. रस्त्यावर यंत्र आहे फक्त नेव्हकडे. मी तबकडी काखेत मारून त्याच्या फाटकात दोनदा गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा त्याने शेडमधूनच हाक मारली.

"आत ये नाहीतर फाटक लाव. कुत्रं पळेल."

मी आत गेलो. त्याने तबकडी हातात घेतली, उलटसुलट बघितली, बिअरचे दोन डबे काढले. एक माझ्यासमोर जरा जोरात ठेवला.

"मीही आहे ना ह्यात," तो म्हणाला.

"चौथ्यात."

"चल, माझ्यापासूनच लावू."

मी नको म्हटलं. त्याने लावलंच. आधी निरोपाच्या यंत्रातली बाई वार आणि वेळ सांगते, मग मी. पाला, फुंकणी, वारा, सगळं रेडिओवरचंच. नेव्ह भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत बसला होता. रेडिओवर जिथे गाणं संपतं तिथे ते संपलंच नाही. वाद्यं थांबली. नुसता माझा आवाज. मी म्हणत होतो, "पण दर मंगळवारी तो मटण भरलेली पेस्टी करून आणून ठेवतो दारात. तुझी आई गेल्यापासून एक मंगळवार चुकवला नाही. तो नसता तर मी टोस्टवरच मेलो असतो. त्याला सांगू नकोस."

हे मी बोललो होतो हे मलाच आठवत नव्हतं.

नेव्हने तबकडीवरची सुई उचलली. मग म्हणाला, "सगळ्या देशाला सांगितलंस, क्लॅरी. मला सोडून."

"तुला सांगू नकोस असंच म्हटलंय त्यात."

"ऐकलं मी." त्याने नाक पुसलं. "पेस्टीत सलगम जास्त होतो का?"

"थोडा."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस, गाढवा?"

आम्ही मग पहिल्यापासून लावलं. मला तुला काय वाटलं ते सांगता येणार नाही. ऐकताना कोणीतरी मला आतून बाहेर उलटा केलाय असं वाटत होतं. मी एवढा खोकतो? मी प्रत्येक वेळी "मी बोलतोय, तुझा बाप" म्हणतो, जसा काही तुला दुसरा कोणी बाप फोन करणार आहे? आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती गर्दी. शे-दोनशे माणसं असतील, बाया, पोरं, चर्चमध्ये गातात तशी, आणि सगळी मिळून एकच ओळ म्हणतात, "परत फोन करायची गरज नाही." पहिल्यात तेच, दुसऱ्यात तेच. पाचव्यात नेव्हही गुणगुणायला लागला.

"ही ओळ सगळ्यात का घातली असेल?" मी विचारलं.

"कारण तू ती सगळ्यात म्हणतोस."

"ती म्हणायची पद्धत असते. परदेशातून फोन महाग पडतो. त्याची कामं असतात. चांगल्या घरचा माणूस असंच म्हणतो."

"हो ना," नेव्ह म्हणाला. "आणि चांगल्या घरचं पोरगं ते ऐकतं."

त्यानंतर त्याने आणखी एक गोष्ट काढली, जी काढायचं त्याला कारण नव्हतं. म्हणाला, "ती बाई सांगते त्या वेळा ऐकल्यास का? तुझ्या फ्रीजवर त्यांच्या कार्यक्रमांचा कागद असतो, मी कित्येकदा बघितलाय. ह्या सगळ्या वेळा तो स्टेजवर असतानाच्या आहेत. तुला तो उचलायला नको असतो का रे?"

मी म्हटलं, तुझ्या कुत्र्याने फाटक ढकललंय. आणि उठलो.

सातवंही पूर्ण ऐकलं. त्याला शेपूट वगैरे काही नाही. मर्व्ह, हॅम, ग्लेनिस, चाचपणं, तुतारी, संपलं. तिथे मी कोणाबद्दलही चांगलं बोललेलो नाही. तेव्हा पूर्ण ऐकूनही माझी सुटका नाही. मीटिंग पुढच्या सोमवारी, ३१ ला आहे.

कळवायची गर

नेव्हने सांगितलं म्हणून ते वाक्य अर्ध्यावर सोडतोय. तू कळवायचं की नाही ते तुझं तू बघ.

बाप


टॅलाबंग
बुधवार, २ एप्रिल

लॉकलन,

मीटिंग झाली. मी निळा कोट घातला होता, तुझ्या आईच्या वेळचा. एवढ्या उकाड्यात तो कोट घालून बसलो म्हणून आधीच सगळ्यांना वाटलं की मी आजारी आहे.

ग्लेनिस उभी राहिली. तिने ते सातवं गाणं स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलं, तुतारीसकट, म्हणजे तुतारीच्या जागी थांबून. कोणी हसलं नाही. मर्व्ह मागे हाताची घडी घालून उभा होता. त्याने तिथेच सांगितलं की तो दर शुक्रवारी सगळ्यांपेक्षा जास्त तिकिटं घेतो, तर हॅम त्यालाच लागणार, ह्यात कसला आलाय घोटाळा. कोणीतरी म्हणालं, मग तू एवढ्या हॅमचं करतोस काय? तो म्हणाला, खातो.

मला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का. मी लिहून नेलं होतं, पण चष्मा घरी राहिला. मी म्हटलं, "मी जे बोललो ते एका यंत्राशी बोललो. मला वाटलं तिथे कोणी नाही."

एवढंच बोललो आणि बसलो.

ग्लेनिस माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हात वर करायला सांगणार. ती म्हणाली, "गेला महिनाभर शुक्रवारी क्लबात बसायला जागा नाही. लोक लांबून येतात आणि विचारतात, तो टायरवाला म्हातारा कुठे बसतो. छताचे पत्रे बदलायला झालेत. मी ह्याला काढून टाकणार नाही. पण ह्याला वाटतं ना की माझ्या कामात चाचपावं लागतं? तर करू दे त्याला. ह्या शुक्रवारपासून मटणाची सोडत क्लॅरी काढेल. माइकवर."

मी म्हटलं, त्यापेक्षा काढून टाका.

"हात वर," ग्लेनिस म्हणाली. सगळे वर गेले. नेव्हचाही.

लॉकलन, मला चार माणसांत बोलता येत नाही. तुला ते कोणाकडून आलं, आईकडून आलं असेल. मी लग्नात भाषण केलं नाही, निवृत्तीच्या समारंभातून गोदामाच्या मागच्या दाराने निघून गेलो. तुम्ही लोक स्टेजवर जायच्या आधी काय करता? काही खाता का? तुलाही अशी भीती वाटते का?

किल्ली मात्र परत दिली आहे. आज सकाळी रोलर फिरवला. गवत सगळं उभं राहिलं होतं.

कळव.

बाप


टॅलाबंग
शनिवार, ५ एप्रिल

लॉकी,

काल काय झालं ते तू अर्धं ऐकलं आहेस, अर्धं नाही. म्हणून सकाळी उठल्याउठल्या लिहायला बसलोय. रोलर नंतर फिरवीन.

क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. दारापर्यंत माणसं, निम्मी अनोळखी, काहींच्या सदऱ्यांवर आपला फाटका स्टूल छापलेला. ग्लेनिसने मला माइकपाशी उभं केलं आणि कानात म्हणाली, "तोंडापासून जरा लांब धर, आणि खोकू नकोस." मी आधी खोकलोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोकल्याला टाळ्या, लॉकी.

मग मी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, सगळ्यांना हात उलटेसुलटे करून दाखवले, पेटी हलवली, डोळे गच्च मिटले, मान दुसरीकडे वळवली आणि पेटीत हात घातला. कुठेही चाचपलं नाही. पहिलं जे बोटाला लागलं ते काढलं. ग्लेनिसने नंबर वाचला.

मर्व्ह उठला. हॅम मर्व्हला.

मग असा हशा झाला की बारवरचे पेले हलले. ग्लेनिस माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, तुझा कोण लागतो तो?" मी माझ्याच हाताकडे बघत उभा होतो.

त्याच गोंधळात बारचा फोन वाजला. ग्लेनिसने उचलला, एक कान बोटाने बंद केला, आणि मला हाक मारली. "क्लॅरी, तुझा पोरगा. म्हणतो, महिनाभर घरी फोन लावतोय आणि लागत नाही."

महिनाभर. मला ते आधी नीट कळलंच नाही. वायर तर मी गुंडाळून कपाटात ठेवलेली. सहा वर्षं मी भिंतीशी बोललो, आणि भिंतीने बोलायचं ठरवलं तेव्हा मी वायर काढून बसलो होतो.

मी फोन कानाला लावला. तू म्हणालास, "बाबा?"

त्यावर मी काय म्हटलं ते तू ऐकलंस. मी मुद्दाम नाही म्हटलं. तू घर सोडल्यापासून तुझा फोन आला की मी उचलायचो, तू बाबा म्हणायचास, आणि मी तेच एक वाक्य बोलायचो. दुसरं वाक्य मला माहीतच नाही. मी म्हटलं, "थांब, आईला देतो."

आणि फोन बाजूला धरला. हात लांब करून, ती पायपुसण्यावर उभी राहून ॲप्रनला हात पुसायची तिथे. हे तुला दिसलं नसेल. तिथे ग्लेनिस उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "लॉकी, तो इथेच आहे. जरा थांब, राजा." ती हसली नाही. इतक्या हसणाऱ्या लोकांत ती एकटी हसली नाही.

मी बाहेर हिरवळीवर गेलो. दिवे लावलेले होते, कडेला बूट काढून कोणाची तरी पोरं घरंगळत होती. मी त्यांना ओरडलो नाही, ह्यावरून माझी काय दशा असेल ते समज. परत आलो तेव्हा फोन जागेवर ठेवलेला होता.

"बराच वेळ होता तो," ग्लेनिस म्हणाली. "बोलला काही नाही. पण ठेवलाही नाही. माझी ताटकळलेली गिऱ्हाइकं होती, मीच ठेवला शेवटी."

मी म्हटलं, "ग्लेनिस, ते हॅमचं."

"गप्प बस, क्लॅरी," ती म्हणाली. "तुझी टोपी महिनाभर खुंटीवर आहे, ती घेऊन जा."

घरी आलो आणि वायर परत भिंतीत घातली. उचलून बघितला, आवाज येतो. तो स्टूल ओढून बसलो, पण आपण होऊन लावला नाही. तू स्टेजवर नव्हतास काल, कागदावर बघितलं होतं मी. म्हणूनच लावता आला नाही.

तर आता असं कर. फोन कर. कुठल्याही वेळेला कर, खर्चाचा विचार करू नकोस. मी उचलेन. कदाचित पुन्हा तेच म्हणेन, आईला देतो. तसं झालं तर तू ठेवू नकोस, तिथेच थांब. मी हात परत घेईन, वेळ लागेल. मग मी टायरचं विचारेन, कारण ते अजून तू सांगितलेलं नाहीस. मग तू काय सांगायचं ते सांग, आणि गाण्यात घालायचं असेल तर घाल. नेव्हच्या सलगमाचंही घाल, तो विचारत होता.

आणि बोलणं संपताना मी सवयीने म्हणेन की परत फोन करायची गरज नाही. ते मनावर घेऊ नकोस.

बाबा

ता. क. पुढचा आठवडा लालचा, पण त्याच्या पुढचा खरोखरच पिवळ्या झाकणाचा आहे. नगरपालिकेचा तक्ता बघून लिहितोय.